रिव्हॉल्व्हरला ओतीव गोळी किती मापाची? आधी मोजा

साच्यात शिसे ओतून गोळ्या करणाऱ्याने माप विचारले की उत्तर ठरलेले: 'थर्टी-एट (.३८ मापाचे) आहे ना, मग ०.३५८ इंचाची गोळी घाल.' हा सल्ला देणाऱ्याने तुमचे रिव्हॉल्व्हर हातातही घेतलेले नसते. बऱ्याचदा त्यावर भागते. ज्याचे भागत नाही त्याच्या नळीत शिसे चिकटते, नेम विखुरतो, आणि तो बिचारा कधी मिश्रधातू, कधी वंगण, कधी बंदुकीची दारू बदलत महिने घालवतो. नळी आणि सिलिंडर मोजायला तासभर पुरतो.

व्हर्नियर कॅलिपर बाजूला ठेवा. त्याची चूक एका थाऊची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची, आणि आपण शोधतोय तो फरकही तेवढाच. मायक्रोमीटरच हवा. आत ठोकून भोकाचे माप उमटवून घ्यायला शुद्ध, मऊ शिशाचे तुकडे घ्या. मासेमारीची वजने चालतात. कडक मिश्रधातू दाबल्यावर किंचित परत फुगतो आणि माप खोटे देतो.

हत्यार रिकामे असल्याची खात्री करा, सिलिंडर काढा, सगळे स्वच्छ करून तेलाचा हलका हात फिरवा.

सुरुवात सिलिंडरपासून. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भोकाच्या, पुढच्या टोकाला अरुंद भाग असतो, तो घसा. पुढून शिशाचा तुकडा मोगरीने ठोकून मागे बाहेर काढा आणि मोजा. प्रत्येक चेंबरला वेगळा तुकडा, त्यावर क्रमांक.

आता नळी. तोंडाकडून तुकडा बसवा आणि सळईने मागे ढकला. सळई पितळेची, जवळपास नळीएवढी जाड, वर टेप गुंडाळलेली. लाकडी काठी नको म्हणजे नको. माझी काठी लाकडाच्या रेषेवर तिरकी चिरली आणि शिशाच्या शेजारी पाचरीसारखी रुतली. ती काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

ढकलताना हाताकडे लक्ष द्या. नळी चौकटीत जिथे आट्यांनी बसते तिथे पुष्कळदा ती आवळलेली असते, आणि तुकडा तिथे एकदम जड जातो. अशा नळीतून मागे निघालेला तुकडा त्या आवळलेल्या जागेचेच माप सांगतो, बाकी नळीचे नाही. म्हणून दुसरा तुकडा तोंडातून बोटभरच आत घाला आणि मागून, सळईचे छोटे तुकडे एकामागे एक ठेवत, तोंडाकडे परत काढा. दोन्ही मापे लिहून ठेवा.

आणि आता जिथे मी सपशेल फसलो ती जागा. स्मिथ अँड वेसनच्या अनेक रिव्हॉल्व्हरच्या नळीत, गोळीला फिरकी देणाऱ्या, पाच खाचा असतात; तुकड्यावर त्यांचे उंचवटे उमटतात. खाचा विषम असल्या की तुकड्यावर उंचवट्यासमोर उंचवटा येत नाही, खोलगट पट्टी येते. मायक्रोमीटर कमी दाखवतो आणि तुकडा फिरवला की आकडा बदलतो. मला ०.३५४ मिळाले. मी मोठ्या विश्वासाने ०.३५६ची साईझिंग डाय, म्हणजे गोळी दाबून नेमक्या व्यासाची करणारा साचा, आणली आणि पुढचे दोन महिने नळी खरवडत बसलो. यासाठी व्ही-आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर मिळतो. नसला तरी अडत नाही. नळीतून निघालेला तोच तुकडा प्रत्येक घशात बोटाने ढकलून पाहा. घसा गोल असल्याने तो उंचवट्यांचा खरा व्यास तपासतो, खाचा पाच असोत की सहा.

बोटाच्या दाबाने गेला तर घसा नळीएवढा किंवा थोडा मोठा आहे. उत्तम. अडला तर घसा नळीहून लहान. मग कितीही जाड गोळी घाला, ती सिलिंडरमध्येच पिळून निघते, नळीत सैल पडते, आणि बाजूने निसटणारा तप्त वायू शिसे खात जातो. मोठी डाय हा यावरचा उपाय नव्हे. घसे बंदूक-कारागिराकडून रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) सारखे करून घ्या. .४५ कोल्ट काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही तऱ्हा भेटतात: नळी ०.४५२ची, आणि घसे कुठे ०.४५०चे तंग तर कुठे ०.४५६चे ढगळ.

घसे ठीक असतील तर गोळी घशाच्या मापाची किंवा त्याहून अर्धा थाऊ कमी, आणि नळीपेक्षा निदान एक थाऊ जास्त. घसे एकसारखे नसतील तर मी सर्वांत मोठा धरतो. झटपट पडताळा असा: स्वतःच्या वजनाने घशातून खाली पडणारी गोळी लहान, हलक्या दाबाने सरकणारी बरोबर.

डाय मागवण्याआधी त्या मापाची गोळी बसवून, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि दारू न घालता, एक नकली काडतूस करा आणि ते प्रत्येक चेंबरमध्ये घालून पाहा. एकातही अडकले तर अर्धा थाऊ खाली या.