मन जपायचंय? मग या चुका टाळा (मी सगळ्या करून झाल्यात)

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत नळाला वास मारणारं पाणी यायला लागलं. कुणी नळाला फडकं बांधलं, कुणी फिल्टरची कँडल बदलली, आम्ही पाण्याचे जार मागवले. चार दिवसांनी वॉचमन गच्चीवर गेला तर टाकीचं झाकण सरकलेलं आणि आत मेलेलं कबूतर. बायबलमधलं नीतिसूत्रे ४:२३ मला संडे स्कूलपासून पाठ, की सगळ्यात जास्त अंतःकरण राख कारण जीवनाचा उगम तिथे आहे, पण उगम म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तर पहिली चूक हीच, नळाला फडकं बांधणं. दात आवळून शिवी गिळायची, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गोड बोलायचं, आणि आत काय कुजतंय ते बघायचंच नाही. मार्क ७ मध्ये येशू सरळ सांगतो की माणसाला विटाळवतं ते आतून येतं. म्हणून रात्री स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी म्हणा, देवा माझं मन तपास, आणि लगेच आमेन करून लाईट बंद करू नका, जरा गप्प बसा. जो चेहरा डोळ्यासमोर येईल ना, तेच कबूतर.

माझं सांगतो. नाताळच्या कॅरल राऊंडची, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळगीतं गायची, यादी आठ वर्षं मी करायचो, कुणाच्या घरी आधी, कुणाकडे शेवटी चहा-केक, सगळं. एका वर्षी मीटिंगमध्ये ते काम मला न विचारता मंडळीतल्याच दुसऱ्या एका भावाला दिलं. मी म्हणालो, काही हरकत नाही, प्रभूचं काम आहे. आणि मग सव्वा वर्ष, प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर-द्राक्षरस घेताना, त्याच्या शेजारी गुडघे टेकायला लागू नयेत म्हणून दर वेळी बाक बदलत बसलो! इफिस ४:२६ म्हणतं सूर्य मावळायच्या आत राग सोडा, माझे साडेचारशे मावळले.

दुसरी, वचनाचा फोटो ग्रुपवर टाकला की मनन झालं असं समजणं. लोकलमध्ये चौथी सीट जरी मिळाली तरी एक स्तोत्र वाचून होतं, मग फोन खिशात ठेवा आणि तेच घोळवत बसा.

रील्स बंद केल्या, छान, पण त्या वेळात काय करणार ते ठरवलंय का? मत्तय १२ मध्ये येशू सांगतो, अशुद्ध आत्मा माणसातून निघून गेला, पण ते घर झाडून-लोटून रिकामंच राहिलं, म्हणूनच तो आणखी सात घेऊन परत आला.

दाविद राजाने गच्चीवरून दुसऱ्याच्या बायकोला आंघोळ करताना बघितलं आणि पापात पडला, ते सगळ्यांना आठवतं, पण २ शमुवेल ११ ची पहिली ओळ वाचा, राजे लढाईला जायचे दिवस होते आणि हा यरुशलेमेतच थांबला होता. आपण कधी घसरतो ती वेळ लिहून ठेवा. माझी रात्री साडेअकरानंतरची, म्हणून चार्जर आता हॉलमध्ये.

आणि मन जपतोय म्हणत माणसंच तोडू नका. नहेम्या ४ मध्ये यरुशलेमेची भिंत बांधताना शत्रू चालून येणार म्हटल्यावर लोकांनी प्रार्थनाही केली आणि पहारेही बसवले, घराघरांचे मिळून, एकट्याचे नाही. फिलिप्पै ४:७ मध्ये तर राखण देवाची शांतीच करते, आणि प्रेषित पौलाने हे पत्र बंदिवासात बसून लिहिलंय.

त्या भावाला शेवटी कुर्ला स्टेशनवरून फोन केला. तो म्हणाला, "गाडीत आहे रे, काही ऐकू येत नाहीये, दादरला उतरून करतो." केला त्याने.