कोकणातील डासांमधील नवे विषाणू: सापळ्यापासून वर्गीकरणापर्यंत

डासांच्या नमुन्यातून एखादा अनोळखी जनुकक्रम हाती लागणे आता अवघड राहिलेले नाही. तो खरोखर विषाणूचा आहे, तो विषाणू डासाचाच आहे आणि आधी नोंदलेल्या प्रजातींहून वेगळा आहे, हे दाखवणे मात्र अवघड आहे. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील महाविद्यालयात असे काम हाती घेणाऱ्यांनी आपला बहुतेक वेळ या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवावा.

जागा निवडताना डासांच्या सवयींचा विचार करावा. भाताच्या खाचरांत क्युलेक्स ट्रायटेनिओऱ्हिंकस व क्युलेक्स विष्णुई, खाडीकाठच्या मचूळ पाण्यात क्युलेक्स सिटिएन्स व ॲनोफेलिस सबपिक्टस, तर नारळी-पोफळीच्या वाड्यांतील करवंट्यांमध्ये आणि झाडांच्या ढोलींत एडिस अल्बोपिक्टस मिळण्याची शक्यता अधिक असते. कांदळवनात सापळे लावण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी आणि वाडीत लावताना मालकाला काम नीट समजावून सांगावे. रात्री फिरणाऱ्या डासांसाठी प्रकाशसापळा उपयोगी पडतो. दिवसा चावणाऱ्या एडिससाठी गंधाचे आमिष असलेला सापळा घ्यावा. आमिष म्हणून कोरडा बर्फ उत्तम, पण तो खेडोपाडी मिळत नाही. त्याऐवजी साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. सापळ्याच्या दोरीला ग्रीस लावावे, नाहीतर सकाळपर्यंत मुंग्या सगळे डास फस्त करतात.

पकडलेले डास जिवंत असतानाच थंड करून मारावेत आणि ओळख पटवण्याचे कामही थंड पृष्ठभागावरच करावे, कारण या विषाणूंपैकी बहुतेकांचा जनुकसंच आरएनएचा असतो आणि कोकणातील उष्म्यात आरएनए फार लवकर विघटित होतो. उणे ८० अंशांची सोय नसेल, तर आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात नमुने ठेवावेत. मात्र पुढे पेशीसंवर्धन, म्हणजे प्रयोगशाळेतील पेशींत विषाणू वाढवणे, करायचे असेल तर काही नमुने द्रावणाविना गोठवणे भाग आहे, कारण अशा द्रावणात विषाणू जिवंत राहण्याची खात्री देता येत नाही. प्रजाती, लिंग, पोट रक्ताने भरलेले आहे की रिकामे, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख यांची नोंद त्याच वेळी करावी. सहसा एकाच प्रजातीच्या, एकाच जागच्या २५ ते ५० माद्यांचा एक गट करतात. रक्त प्यायलेल्या माद्या वेगळ्या ठेवाव्यात, अन्यथा गुराच्या किंवा बगळ्याच्या रक्तातील विषाणू डासाच्या नावावर जमा होतो.

प्रयोगशाळेत आरएनए वेगळे काढून, डीएनए नष्ट करणारे विकर वापरून आणि रायबोसोमचे (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या कणांचे) आरएनए कमी करून जनुकक्रम वाचून घ्यावेत. प्रत्येक फेरीत डासाविना, केवळ पाण्याचा एक नमुना त्याच क्रमाने पुढे न्यावा. त्यात जे सापडेल ते रसायनांतून किंवा शेजारच्या नळीतून आले असे समजावे. वाचलेले तुकडे संगणकावर जोडल्यावर त्यांची तुलना न्यूक्लिओटाइडपेक्षा प्रथिनांच्या पातळीवर करावी, कारण दूरच्या नातेवाइकांचे साम्य तेथेच दिसते. यासाठी आरएनएपासून आरएनए बनवणारे विकर, म्हणजे आरडीआरपी, सर्वांत उपयुक्त ठरते.

सर्वाधिक फसगत येथून पुढे होते. एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस यांच्या गुणसूत्रांत फ्लॅव्हिव्हायरस व ऱ्हॅब्डोव्हायरस या विषाणूगटांचे जुने तुकडे कायमचे रुतून बसलेले आहेत आणि त्यांचेही आरएनए तयार होते. म्हणून मिळालेल्या क्रमात प्रथिनाची बांधणी थांबवणारे थांबा-संकेत मध्येच येतात का, प्रथिनासाठी क्रम तीन-तीन अक्षरांनी वाचण्याची चौकट मोडते का, तोच तुकडा डासाच्या डीएनएमध्येही सापडतो का, हे तपासल्यावाचून पुढे जाऊ नये. लहान आरएनए वाचण्याची सोय असेल तर २१ न्यूक्लिओटाइड लांबीचे तुकडे विषाणूच्या दोन्ही धाग्यांवर पसरलेले दिसणे, हा डासाच्या पेशीत तो विषाणू वाढत असल्याचा चांगला पुरावा आहे. डासाने प्यालेला मधुरस, त्याच्या पोटातील बुरशी किंवा परजीवी यांचेही विषाणू नमुन्यात येतात. जनुकसंच अनेक खंडांत विभागलेला असेल, तर काही खंड ज्ञात क्रमांशी जुळत नाहीत. वेगवेगळ्या गटांत ते नेहमी एकत्रच सापडतात का, यावरून ते ओळखता येतात.

विषाणू वाढवून पाहायचा असल्यास एडिस अल्बोपिक्टसच्या सी६/३६ पेशी वापराव्यात. त्यांचा मूळ पेशीवंश १९६७ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, सिंग यांनी तयार केला होता. या पेशींची आरएनए-आधारित प्रतिकारयंत्रणा दुबळी असल्याने त्यांत अनेक विषाणू सहज वाढतात. तोच विषाणू व्हेरोसारख्या सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढला नाही, तर तो केवळ कीटकांपुरता मर्यादित असण्याची शक्यता वाढते. वाढला तरी तो माणसाला आजारी पाडतो असे लिहू नये आणि पुढचे काम योग्य जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेकडे सोपवावे.

वर्गीकरणाचा अंतिम निर्णय आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीचा असतो. आरडीआरपीच्या अमिनो आम्लांत ९० टक्क्यांहून कमी साम्य असेल तर विषाणू नवा मानावा, ही मर्यादा अनेक सर्वेक्षणांत वापरली जाते, पण ती कामचलाऊ आहे. प्रत्येक प्रजातिगणाचे (जवळच्या प्रजातींच्या गटाचे, म्हणजे जीनसचे) निकष वेगळे असल्याने ते मुळातून वाचावेत आणि त्यातील सर्व मान्य प्रजाती घेऊन वंशवृक्ष काढावा. केवळ जनुकक्रमावरून वर्गीकरण करण्यास २०१७ पासून मान्यता आहे, मात्र त्यासाठी प्रथिने घडवणारा भाग संपूर्ण असावा लागतो. प्रजातीचे नाव द्विपदी व तिरप्या अक्षरांत लिहितात. विषाणूचे रूढ नाव त्याहून निराळे असते. गावाच्या नावावरून विषाणूला नाव देण्याची जुनी प्रथा आहे, चांदीपुरा हे त्याचे विदर्भातील उदाहरण. तरीही पर्यटनावर जगणाऱ्या एखाद्या किनारी गावाचे नाव असे कायमचे चिकटवू नये, असे माझे मत आहे. जनुकक्रम सार्वजनिक कोशात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक मिळाल्यावर समितीच्या ठरलेल्या नमुन्यात प्रस्ताव पाठवावा आणि उरलेले आरएनए व त्याच गटातील काही अखंड डास पुढील पडताळणीसाठी जपून ठेवावेत.