पायथनच्या प्लगइन फाइलीत अनेक फंक्शनं ठेवताय? या चुका टाळा

एका फाइलीत चार फंक्शनं ठेवली की प्लगइनचा, म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडायच्या तुकड्यांचा, घोळ होतो, अशी बऱ्याच नव्या पोरांची समजूत आहे. मग काय, प्रत्येक फंक्शनला वेगळी फाइल! फोल्डर उघडलं की डोकं गरगरतं. समजा बाजार समितीच्या हिशोबात हमालीचं एक आणि तोलाईचं एक फंक्शन आहे. ही एकाच घरातली कामं आहेत, ती एकाच फाइलीत सुखाने राहू द्या. घोळ फाइलीत नसतो, लोडरमध्ये, म्हणजे प्लगइन फाइली शोधून प्रोग्रामला जोडणाऱ्या कोडमध्ये, असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी. लोडर फाइल इम्पोर्ट करतो आणि पायथनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं गेटमेंबर्स (मॉड्यूलमधली सगळी नावं देणारं फंक्शन) वापरून जे फंक्शन सापडेल ते प्लगइन म्हणून उचलतो. दोन ओळींत काम होतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण फंक्शन त्याच फाइलीत लिहिलंय की दुसरीकडून इम्पोर्ट केलंय, हे गेटमेंबर्स बघत नाही. त्या फाइलीच्या नावांमध्ये दिसलं की ते आलंच.

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडतीवर हेच झालं. पट्टीतला, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या पावतीतला, प्रत्येक खर्च म्हणजे एक फंक्शन, लोडर ती सगळी गोळा करून बेरीज करायचा. मजुरीच्या फाइलीत हमाली आणि तोलाई होती. बारा टक्क्यांच्या वरच्या ओलाव्याची काट वेगळ्या फाइलीत होती. तिथे काम करणाऱ्या पोराने काट गेल्यावर हमाली किती बसते ते पडताळायला हमाली या फाइलीत इम्पोर्ट केली आणि ती ओळ तशीच ठेवली. झालं, यादीत हमाली दोनदा. पट्टीवर एकूण खर्च एकाच आकड्यात छापला जायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक जोरात. औशाकडचा एक शेतकरी जुनी पट्टी घेऊन उभा राहिला : "मुनीमजी, कट्टे तेवढेच, काटा तोच, मग खर्च जास्त कसा काय कटला?" मुनीमजींनी पेनाने हिशोब मांडला, फरक बरोबर हमालीएवढा निघाला. नंतर सगळ्या पट्ट्या काढून एकेकाला पैसे परत करावे लागले. प्रोग्रामने एकदाही एरर दिली नव्हती. असली चूक मला सगळ्यात वाईट वाटते, कारण तिची किंमत कष्टकऱ्याच्या खिशातून जाते.

किमान उपाय म्हणजे फंक्शनचं डंडर मॉड्यूल (डंडर म्हणजे नावाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर; यात फंक्शन कुठल्या फाइलीत लिहिलंय ते असतं) आणि लोडर वाचत असलेल्या मॉड्यूलचं डंडर नेम जुळलं तरच ते उचलायचं. पण तेवढ्याने फाइलीतली मदतनीस फंक्शनं गळत नाहीत. म्हणून मी सरळ नोंदणीचा डेकोरेटर लावतो, म्हणजे फंक्शनच्या वरच्या ओळीत @ लावून लिहायची खूण, जी त्याची प्लगइनच्या यादीत नोंद करते. ज्याच्या डोक्यावर तो आहे तेच प्लगइन, बाकी कितीही फंक्शनं असोत. डेकोरेटर फंक्शन तयार होताना एकदाच चालतो. दुसऱ्या फाइलीने ते इम्पोर्ट केलं तरी मॉड्यूल आधीच लोड झालेलं असतं, नोंद पुन्हा होत नाही. फक्त ती प्लगइन फाइल थेट रन करू नका, नाहीतर ती डंडर मेन म्हणून एकदा आणि इम्पोर्ट होऊन पुन्हा एकदा अशी दोनदा लोड होऊ शकते.

दुसरं माझं दुखणं म्हणजे नावं. तूर, हरभरा, सोयाबीन, तिन्ही फाइलींत 'हिशोब' नावाचं फंक्शन, आणि लोडर ज्या डिक्शनरीत फंक्शनं ठेवतो तिची की म्हणजे नुसतं फंक्शनचं नाव. शेवटी लोड झालेलं आधीच्यांना गुपचूप पुसून टाकतं. त्यात फोल्डरमधल्या फाइलींची यादी देणारं ओएस.लिस्टडीर फाइली कुठल्या क्रमाने देईल याची हमी नाही, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर तूर जिंकते आणि दुकानात हरभरा. की नेहमी फाइलीचं नाव, टिंब, फंक्शनचं नाव अशी ठेवा. तीच की पुन्हा आली तर लोडरने तिथेच एरर फेकून थांबावं. फाइलींची यादी सॉर्ट करायला एक शब्द लागतो, तेवढा आळस करू नका.

लोडरमध्ये नुसतं एक्सेप्ट आणि खाली पास लिहू नका, ते एरर गुपचूप गिळून टाकतं. फाइल लोड झाली नाही हे कळायलाच हवं.

फाइलीच्या वरच डेटाबेसचं कनेक्शन उघडू नका. एका फंक्शनसाठी इम्पोर्ट केलं तरी अख्खी फाइल चालते.

डेकोरेटर फंक्शनला गुंडाळत असेल तर फंक्टूल्सचं रॅप्स लावा, नाहीतर सगळ्यांचं नाव 'रॅपर' दिसेल आणि कीचा गोंधळ पुन्हा सुरू.

आणि चालू प्रोग्राममध्येच फाइल पुन्हा वाचणाऱ्या रीलोडवर विसंबू नका. फाइलीतून काढून टाकलेलं फंक्शन रीलोडनंतरही जुन्या मॉड्यूलमध्ये तसंच राहतं. प्लगइन बदललं की मी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करतो.