वॅगस्टाफची कारकीर्द वहीत कशी उतरवायची

पावसाळ्यात मैदानात पाणी तुंबलं की मी आमच्या म्हापशाच्या शाळेत मुलांकडून एखाद्या जुन्या खेळाडूची कारकीर्द लिहून घेते. यंदा रग्बी लीगचा इंग्लिश खेळाडू हॅरल्ड वॅगस्टाफ घेतला. हा खेळ इथे कुणी पाहिलेला नाही, म्हणून पद्धत नीट सांगते.

जन्मतारखेपासून सुरुवात करू नका. एक सामना घ्या आणि तो पुरता समजून घ्या. वॅगस्टाफचा सामना म्हणजे ४ जुलै १९१४, सिडनी. ऑस्ट्रेलियाविरुद्ध आठ दिवसांतली तिसरी कसोटी, आणि तो पाहुण्या संघाचा कप्तान. तेव्हा बदली खेळाडू नसत. त्याच्या संघातला एकेक जण जखमी होऊन बाहेर गेला आणि शेवटी तेरांसमोर दहाच उरले. त्यांचा जॉन्सन हा फॉरवर्ड, म्हणजे मधे झुंजणारा गडी, पण माणसंच नाहीत म्हणून विंगवर, म्हणजे कडेला, उभा होता. त्याने चेंडू खाली टाकला आणि पायाने ड्रिबल करत थेट रेषेपार नेला. दुलेरच्या फुटबॉल मैदानावर वाढलेल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागलं नाही.

निकाल १४-६, वॅगस्टाफचा संघ जिंकला. आता हिशेब जुळवा, ही पायरी गाळू नका. जिंकणाऱ्यांचे दोन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपार टेकवणं) आणि चार गोल (चेंडू लाथेने खांबांमधून, आडव्या दांड्यावरून मारणं). आजच्या नियमाने ट्रायचे चार धरले तर सोळा होतात; माझाही तक्ता पहिल्यांदा इथेच अडला होता. त्या काळी ट्रायला तीन आणि गोलला दोन गुण होते. सहा आणि आठ, चौदा. वहीच्या पहिल्या पानावर त्या काळचे गुण लिहून ठेवा.

जुनी वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर फुकट वाचता येतात. शोधताना नुसतं ‘रग्बी लीग’ टाकू नका. इंग्लंडातल्या या खेळाच्या संघटनेचं नाव १९२२ पर्यंत ‘नॉर्दर्न युनियन’ होतं, आणि सिडनीचे पेपर तिच्या संघाला सरळ ‘इंग्लंड’ म्हणत, मग त्यात वेल्सचे खेळाडू असले तरी. यंत्राने उतरवलेल्या मजकुरात नावं बिघडतात. पानाचं मूळ चित्रच वाचा.

मग हंगामांचा तक्ता. वर्ष जोडीने लिहा, कारण हंगाम हिवाळ्यातून पुढच्या वर्षात जातो. पहिली ओळ १९०६-०७: हडर्सफील्ड या इंग्लिश क्लबकडून पहिला सामना, वय १५, म्हणजे आपला दहावीतला मुलगा. १९१४-१५ ला ओळ मोठी ठेवा, त्या हंगामात हडर्सफील्डने चारही करंडक जिंकले. १९२० ला तो पुन्हा कप्तान म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला.

१९१४-१५ नंतरच्या तीन हंगामांत पहिल्या महायुद्धामुळे अधिकृत स्पर्धा बंद होत्या. त्या ओळी गाळू नका, मोकळ्या ठेवा. आमच्या एका मुलाने तिथे पेन्सिलीने नुसतं वय लिहिलंय: २४, २५, २६.