ख्रिस्ताच्या ठायी जीवनाचा अर्थ शोधताना

नोकरी, घर, बढती मिळूनही मन रिते राहत असेल, तर प्रथम बायबलमधील ‘उपदेशक’ हे पुस्तक वाचावे. तेथे हीच व्यथा उघडपणे मांडली आहे. मग येशूचे जीवन सांगणारे 16 अध्यायांचे मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे आणि लोकलच्या प्रवासात रोज एक अध्याय सावकाश वाचून, येशू कोणापाशी थांबतो, कोणाला स्पर्श करतो, हे पाहत त्यावरच प्रार्थना करावी. शब्द सुचत नसतील तर बायबलमधील स्तोत्र 23 पुरेसे आहे. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेला, जावे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची गीते मराठी उपासनेत आजही गायिली जातात. मात्र श्रद्धा रुजते ती सेवेत, असे माझे ठाम मत आहे: चाळीतल्या आजारी शेजाऱ्याची विचारपूस, कोणी पाहत नसतानाही, नित्य करावी.