टायमिंग बेल्ट स्वतः बदलला आणि आता इंजिन त्रास देतंय? या चुका टाळा

बेल्ट बसवला, कव्हरं लावली, बॅटरी जोडली, सेल्फ मारला आणि इंजिन चालूच होत नाही, किंवा चालू होतं पण थरथरतं, मिसिंग करतं, गाडी ओढत नाही. इथे सगळ्यात महागात पडणारी चूक बेल्ट बसवताना होत नाही, ती होते पुढच्या दोन मिनिटांत, कारण माणूस घाबरतो आणि परत परत सेल्फ मारत बसतो. कृपा करून ते करू नका. दात चुकलेला बेल्ट परत बसवता येतो, पण व्हॉल्व्ह वाकले तर हेड खाली उतरवावं लागतं, आणि बऱ्याच इंजिनांत या दोन गोष्टींमध्ये फक्त तुमच्या सेल्फ मारण्याचंच अंतर असतं.

म्हणजे कसं, तर ज्या इंजिनात पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात तिथे टायमिंग (बेल्टने जुळवलेला क्रँक आणि कॅमचा, म्हणजे पिस्टनच्या आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांचा, मेळ) जास्त चुकलं की ते एकमेकांवर आदळतात. सगळी इंजिनं तशी नसतात, पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं १.६ लिटर इंजिन घ्या, तिथे बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाचतात. पण तुमचं इंजिन कुठल्या प्रकारातलं हे पक्कं माहीत नसेल तर ते आदळणारंच आहे असं धरून चाला, आणि डिझेल असेल तर नक्कीच तसं धरा.

दुसरी गोष्ट, काम करायच्या आधी इंजिन ठणठणीत चालत होतं ना? मग बिघाड बहुतेक वेळा जिथे तुमचा हात लागला तिथेच असणार. इंजेक्टर, फ्युएल पंप, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायच्या मागे लागू नका, आधी काय काय उघडलं होतं ते सगळं आठवून कागदावर लिहा.

सेल्फचा आवाज आठवा

एकदा सेल्फ मारलाच असेल तर तो आवाज कसा होता ते आठवा. चांगलं इंजिन सेल्फवर एका लयीत फिरतं, प्रत्येक सिलेंडर कॉम्प्रेशनवर आला की थोडा जोर पडतो आणि तो ठेका कानाला कळतो. ठेकाच नव्हता, नुसतं सर्रर्र करून हलकं आणि जलद फिरलं, तर कॉम्प्रेशन नाहीये, म्हणजे टायमिंग खूप चुकलंय किंवा व्हॉल्व्ह वाकलेत. ठेका अधूनमधून तुटत असेल तर एखाददुसरा सिलेंडर गेलाय. ठेका अगदी नीट असेल तर मात्र बरीच आशा आहे, आधी सेन्सरकडे बघा. आणि खट्ट होऊन इंजिन जागीच अडकलं असेल तर पुढचं काहीही करायच्या आधी बघा की कॅम लॉक करायची पिन किंवा फ्लायव्हील अडवायचं टूल आत राहिलंय का, हे घाईत खूप जणांचं होतं.

खुणा जुळल्यात असं वाटणं आणि खरंच जुळणं

स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, क्रँकच्या बोल्टवर पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. दोनच का, तर क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण दर फेरीला जागेवर येते पण कॅमची एक फेरी सोडून. कुठेही टणक अडथळा लागला तर जोर लावू नका. कॉम्प्रेशनचा दाब स्प्रिंगसारखा लागतो आणि हळूहळू सुटतो, धातूवर धातू टेकला की पाना एकदम थांबतो, हा फरक हाताला कळतो.

दोन फेऱ्यांनंतर खूण एका दाताने सरकलेली दिसली तर 'एकच दात तर आहे' असं म्हणून सोडू नका. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश झाले, आणि कॅमच्या ४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, म्हणजे परत क्रँकचे १८ च. एवढ्यावर इंजिन बऱ्याचदा चालू होतं, म्हणूनच फसायला होतं. स्लो नीट राहत नाही, कॅम मागे पडला असेल तर खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वाटते, व्हॅक्युम गेज लावला तर काटा स्थिर पण कमी दाखवतो, आणि स्कॅनरवर पी००१६ हा बिघाडाचा कोड येतो, म्हणजे क्रँक आणि कॅम सेन्सर यांचा मेळ बसत नाहीये. हा कोड आला की लोक सेन्सर बदलतात! बेल्ट नुकताच बदललाय ना, मग आधी बेल्ट बघा.

दात चुकतो कसा, याचं नेहमीचं कारण म्हणजे ढील चुकीच्या बाजूला राहणं. बेल्ट क्रँकवरून चढवायला सुरुवात करा, जी बाजू इंजिन चालताना ओढली जाते ती ताणलेली ठेवतच कॅमवर न्या आणि सगळी ढील टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बाजूला आणा. ओढीच्या बाजूला ढील राहिली तर टेन्शनर सोडल्यावर तो ढील खेचताना कॅमच फिरवतो, आणि मग बसवताना जुळलेल्या खुणा दोन फेऱ्यांनंतर जुळत नाहीत. बेल्ट कधी अर्ध्या दातावर बसत नाही, त्यामुळे पुढे केलं तरी अर्धा दात आणि मागे केलं तरी अर्धा दात असं होत असेल तर तुम्ही तिरक्या कोनातून बघताय किंवा खूणच चुकीची धरलीय.

चुकीची खूण धरणं तर फारच होतं. सुबारूच्या ईजे इंजिनात क्रँकच्या पुलीवर पुढे ठळक बाण दिसतो, पण बेल्टसाठीची खूण मागच्या कडेला असते, आणि ती जुळते तेव्हा पिस्टन वर नसतात, मधोमध असतात. ज्याला टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या जागेची) सवय आहे तो बाण जुळवतो आणि सगळंच चुकतं. काही इंजिनांत बाहेरच्या पुलीवर इग्निशनसाठी तीन-चार खाचा असतात, त्यातली भलतीच पकडली जाते. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच काम करा, आठवणीवर जाऊ नका.

एक दिलासा पण देतो, नव्या बेल्टवर छापलेल्या रंगाच्या रेघा दोन फेऱ्यांनंतर जुळत नाहीत, त्या फक्त बसवण्यापुरत्या असतात, नंतर पुलीवरच्या खुणाच बघायच्या.

आवाज

आरपीएमसोबत चढणारी बारीक शिट्टी किंवा हुंकार आला तर बेल्ट जास्त ताणलाय. असाच चालवला तर वॉटर पंपाचं आणि टेन्शनरचं बेअरिंग लवकर जातं. कव्हरवर फटफट आवाज आला तर बेल्ट ढिला आहे, लगेच बंद करा, ढिला बेल्ट दात उडी मारतो. ताण इंजिन थंड असतानाच सेट करायचा. हायड्रॉलिक टेन्शनर असेल तर तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी सावकाश दाबायचा, घाईने दाबला तर आतले सील जातात, आणि बेल्ट बसल्यावर त्याची पिन ओढायला विसरायचं नाही. घासल्यासारखा आवाज असेल तर क्रँकवरची वाटीसारखी चकती बघा, तिची बाहेर वळलेली कड बेल्टपासून लांब असायला हवी, उलटी लागली की बेल्टची कड खाते.

ठेका चांगला पण चालूच होत नाही

क्रँक सेन्सरचं कपलर. माझ्या पहिल्या बेल्टच्या वेळी मी तीनदा खुणा तपासल्या, सगळं बरोबर होतं, आणि कपलर खालच्या कव्हरमागे तसंच लोंबकळत होतं. ते पी०३३५ देतं, कॅमचं सुटलं असेल तर पी०३४०. काही इंजिनांत क्रँक पुलीच्या मागे सेन्सरसाठी पात्याची चकती असते, ती उलटी बसली की सेन्सरला काहीच दिसत नाही आणि स्पार्क येत नाही. इंजिनचं फाउंडेशन काढलं असेल तर त्यावरची अर्थिंगची वायर परत लावली का तेही बघा. एअर फिल्टरपासूनचा पाइप नीट बसला नसेल तर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं.

क्रँकच्या बोल्टला मॅन्युअलमधलाच टॉर्क द्या, तो कमी पडला तर पुली डुलते, चावीची खाच खाते आणि टायमिंग परत सुटतं. ताणून घट्ट होणारा बोल्ट असेल तर नवाच घ्या.

इंजिन जोरात चालतं पण सगळी गाडी थरथरते, मिसिंग नाही, कोड नाही, असं असेल तर बॅलन्स शाफ्ट (इंजिनची थरथर मारणारा दांडा) असलेल्या इंजिनांत त्याचा फेज, म्हणजे क्रँकशी मेळ, चुकलाय. चार सिलेंडरच्या इंजिनात तो क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची चूक लगेच जाणवते. डिझेलमध्ये पंप त्याच बेल्टवर असेल तर पंपाची खूण तिसरी धरायची, ती मागे राहिली की जड स्टार्ट आणि पांढरा धूर.

खुणा बरोबर, तरी मिसिंग

मग कॉम्प्रेशन बघा. ठीकठाक पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय येतं आणि सिलेंडरांमधला फरक फार नसतो. एखाद्यात शून्याजवळ आलं तर त्याला कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) आणून हवा भरा आणि कान द्या, इनटेककडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. इथे हेड उतरवण्याशिवाय मार्ग नाही, आणि फक्त वाकलेलाच नाही तर त्या बाजूचे सगळे व्हॉल्व्ह तपासून घ्या.

वॉटर पंपसुद्धा बदलला असेल तर गाडी तापायला लागली म्हणून पंपाला दोष देऊ नका, आत हवा अडकलेली असते. हीटर गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून कूलंट भरा, आणि पूर्ण थंड झाल्यावर पातळी परत बघा. त्याच वेळी खालच्या कव्हरच्या कडेला ओल दिसते का तेही बघा, क्रँक किंवा कॅम सीलचं तेल नवीन बेल्टवर पडायला लागलं असेल तर सील बदला आणि बेल्टसुद्धा.