निवृत्त फौजीला भेट देताना आधी पलटण विचारा

आजोबा किंवा काका फौजेतून निवृत्त झालेले असतील, तर बाजारातला तोफेचा शोपीस घेऊ नका. असे चार त्यांच्याकडे आधीच पडून असतात. त्यापेक्षा ट्रंकेतली पदकं फ्रेम करून द्या, पण त्यांना विचारूनच.

पदकं ब्रासोने किंवा चिंचेने घासू नका. बऱ्याच पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून तीच अक्षरं झिजतात. मऊ कोरड्या कापडाने पुसलं की पुरे. पदकं ज्या क्रमाने लावलेली आहेत त्याचा आधी फोटो काढा, कारण क्रम ठरलेला असतो आणि चुकला तर पहिली नजर तिथेच जाते! फेव्हिकॉल अजिबात नको. खोल फ्रेम घेऊन पदकांच्या फिती दोऱ्याने टाचा. उन्हात फितींचे रंग उडतात, म्हणून सावलीतली भिंत निवडा. खाली पलटण आणि सेवेची वर्षं लिहा. १९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर असतील, तर पश्चिमी स्टार हे पदक बहुधा सापडेलच.

दिवसही नेमका साधता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांसाठी ४ फेब्रुवारी, म्हणजे १६७०मध्ये कोंढाणा सर झाला तो दिवस. इतरांना ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन चालेल.